मोलची गणितं: वजन करून कण कसे मोजायचे

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून अकरावी सायन्सला गेलेल्या मुलांचा पाय पहिल्यांदा अडखळतो तो मोलपाशी, म्हणजे रसायनशास्त्रात कण मोजायच्या एककापाशी. माझाही तिथेच अडखळला होता. सूत्रं तिन्ही पाठ होती: वजन भागिले मोलर मास, कण भागिले ॲव्होगॅड्रो अंक, लिटर भागिले २२.४. पण गणित समोर आलं की यातलं कुठलं वापरायचं ते कळत नसे. उत्तर आलं तरी ते दुप्पट आहे की निम्मं, याचा अंदाज नसे. पहिल्या चाचणीत माझी चार गणितं रीत बरोबर असून चुकली, आणि चारही ठिकाणी चूक एकच होती. मी कण मोजले होते, पण कशाचे कण, हे ठरवलंच नव्हतं.

आता गेली काही वर्षं मी अकरावीच्या मुलांना शिकवते आणि दर वर्षी तीच चूक नव्या वह्यांमध्ये बघते. म्हणून हे सगळं एका जागी लिहून काढलं. नववीच्या पुस्तकात ‘द्रव्याचे मोजमाप’ वाचून गोंधळलेली मुलं, अकरावीत इंग्रजीतून तेच पुन्हा शिकणारी मुलं आणि त्यांचा अभ्यास घेणारे पालक, तिघांनाही चालेल असं.

हाताशी एवढं ठेवा:

- अणुवस्तुमानं दिलेली आवर्तसारणी
- वही-पेन, ही गणितं नुसती वाचून येत नाहीत
- सायंटिफिक कॅलक्युलेटर, पण फक्त पडताळणीसाठी. बारावीच्या बोर्डाच्या पेपरात कॅलक्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. तेव्हा हाताने आकडेमोड करायची सवय आत्तापासून लावा.
- स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, घरी असेल तर

आणि एक खूण लक्षात असू द्या: या लेखात १०^२३ असं लिहिलं की ‘१० चा २३ वा घात’ असं वाचायचं.

पायरी १: आधी छोले मोजा

हसू नका, खरंच मोजा. आमच्या घरी १०० छोल्यांचं वजन ४२ ग्रॅम भरलं. म्हणजे एक दाणा ०.४२ ग्रॅमचा. आता कुणी एक किलोची पिशवी पुढे ठेवून आत किती दाणे आहेत विचारलं, तर एकेक दाणा कशाला मोजायचा? १००० ला ०.४२ ने भागलं की झालं, सुमारे २३८०. हार्डवेअरच्या दुकानात खिळे असेच देतात. मोजून नाही, तोलून.

आता तेवढेच, म्हणजे १००, मूग घ्या. आमचे ४ ग्रॅम भरले. म्हणजे ४२ किलो छोले आणि ४ किलो मूग अशी दोन पोती शेजारी ठेवली, तर वजनात दहापटीहून जास्त फरक, पण दाण्यांची संख्या सारखी. हे पोत्यांचं चित्र डोळ्यांसमोर पक्कं करा. वजनं वेगळी, संख्या एक. मोलमध्ये याहून वेगळं काहीही नाही.

कार्बनचा अणू हायड्रोजनच्या अणूच्या जवळपास १२ पट जड असतो. म्हणून १२ ग्रॅम कार्बन आणि १ ग्रॅम हायड्रोजन यांच्यात अणूंची संख्या सारखी. त्या संख्येला आपण मोल म्हणतो.

जाता जाता: आपल्या ‘मोलाचं काम’मधल्या मोलशी याचा काही संबंध नाही. हा शब्द जर्मनमधून आला आणि त्याचं मूळ ‘मॉलिक्यूल’शी, म्हणजे रेणूशी जोडलेलं आहे. एका मुलीने मला अगदी मनापासून विचारलं होतं की मोल म्हणजे पदार्थाची किंमत का, म्हणून सांगून ठेवते.

पायरी २: त्या मोठ्या आकड्याशी ओळख करून घ्या

१२ म्हणजे डझन, २० म्हणजे कोडी, १४४ म्हणजे ग्रोस. तसं ६.०२२ × १०^२३ म्हणजे मोल. आपल्याकडची जुनी मोजणी एकं-दहंपासून परार्धापर्यंत, म्हणजे १०^१७ पर्यंत जाते. एक मोल म्हणजे असे साठ लाख परार्ध. पृथ्वीवरच्या ८०० कोटी माणसांनी झोप न घेता सेकंदाला एक कण या वेगाने मोजायला घेतलं, तरी सगळ्यांना मिळून सुमारे २४ लाख वर्षं लागतील. आणि एवढे रेणू १८ ग्रॅम पाण्यात, म्हणजे दोन घोटांत, मावतात.

पण हाच विचित्र आकडा का? सरळ १०^२४ का नाही घेतला? मला हे बरीच वर्षं कुणी सांगितलं नव्हतं आणि कळलं तेव्हा सगळी गणितं सोपी झाली. अणूचं वस्तुमान आपण ‘यू’ या चिमुकल्या एककात मोजतो, ज्याला डाल्टनही म्हणतात. एका ग्रॅममध्ये असे ६.०२२ × १०^२३ यू बसतात. म्हणजे हा आकडा यू आणि ग्रॅम यांच्यातला विनिमय दर आहे. त्यामुळेच एका कार्बन अणूचं वस्तुमान १२ यू असेल तर एक मोल कार्बनचं वजन १२ ग्रॅम येतं. आकडा तोच राहतो, फक्त एकक बदलतं. आवर्तसारणीतला आकडा आपण थेट ग्रॅममध्ये वाचू शकतो तो या सोयीमुळे.

या आकड्याला नाव ॲव्होगॅड्रोचं असलं तरी त्याने तो काढलेला नाही. सारख्या तापमानाला आणि दाबाला सारख्या आकारमानाच्या वायूंमध्ये रेणूंची संख्या सारखी असते, हे त्याने १८११ मध्ये मांडलं. रेणूंच्या आकाराचा पहिला बरा अंदाज योहान लॉशमिट यांनी १८६५ मध्ये केला. तोवर ॲव्होगॅड्रो हयातही नव्हता. त्याचं नाव या संख्येला दिलं ते फ्रान्सच्या जाँ पेराँ यांनी, १९०९ मध्ये.

जुन्या पुस्तकात ‘१२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू तितके कण’ अशी व्याख्या दिसेल. २० मे २०१९ पासून व्याख्या बदलली आणि आकडा ६.०२२१४०७६ × १०^२३ असा नेमका ठरवून दिला गेला. तुमच्या गणितांना याने काही फरक पडत नाही.

पायरी ३: पानाच्या डोक्यावर लिहा, ‘कशाचे कण?’

माझ्या मुलांना मी गणित सोडवू देतच नाही, जोवर हा प्रश्न आणि त्याचं उत्तर वहीत लिहिलेलं दिसत नाही.

‘१ मोल ऑक्सिजनचं वजन किती?’ या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत. ऑक्सिजनचे अणू मोजत असाल तर १६ ग्रॅम. हवेत असतात तसे ऑक्सिजनचे रेणू मोजत असाल, तर प्रत्येक रेणूत दोन अणू, म्हणून ३२ ग्रॅम. चांगला पेपर काढणारा ‘ऑक्सिजन अणू’ किंवा ‘ऑक्सिजन वायू’ असं स्पष्ट लिहितो. तो शब्द सापडेपर्यंत प्रश्न पुन्हा वाचा.

कण चार तऱ्हेचे असू शकतात. लोखंड, तांबं, सोनं यांच्यात अणू मोजायचे. पाणी, साखर, कार्बन डायऑक्साइड यांच्यात रेणू. मिठासारख्या पदार्थात सुटे रेणू नसतातच. सोडिअम आणि क्लोराइड आयनांची, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांची, लांबच लांब जाळी असते. तिथे एक सोडिअम आणि एक क्लोराइड अशी जोडी धरून तिला सूत्र एकक म्हणतात, अकरावीत ‘फॉर्म्युला युनिट’. चौथा प्रकार म्हणजे नुसते आयन. मिठाच्या बाबतीत ‘रेणू’ लिहिलं तर काही परीक्षक सोडून देतात, काही गुण कापतात. तुम्ही बरोबर तेच लिहा.

पायरी ४: एका मोलचं वजन काढा

यालाच मोलर वस्तुमान किंवा मोलर मास म्हणतात. सूत्रातल्या प्रत्येक मूलद्रव्याचं अणुवस्तुमान गुणिले अणूंची संख्या, आणि सगळ्यांची बेरीज. सरावाला एवढे आकडे पुरतात: हायड्रोजन १, कार्बन १२, नायट्रोजन १४, ऑक्सिजन १६, सोडिअम २३, ॲल्युमिनिअम २७, गंधक ३२, क्लोरीन ३५.५, पोटॅशिअम ३९, कॅल्शिअम ४०, लोह ५६, तांबं ६३.५.

पाणी: १ + १ + १६ = १८. मीठ: २३ + ३५.५ = ५८.५. खायचा सोडा: २३ + १ + १२ + ४८ = ८४. हे सहज जमतं.

चुकतं ते कंसापाशी. कॅल्शिअम हायड्रॉक्साइडच्या, म्हणजे विझवलेल्या चुन्याच्या सूत्रात ओएच कंसात असतो आणि कंसाबाहेर २. हा २ ऑक्सिजनलाही लागतो आणि हायड्रोजनलाही. म्हणून ४० + ३२ + २ = ७४. घाईत ५८ लिहिणारी मुलं मी दर वर्षी बघते.

याहून मोठा खड्डा स्फटिकजलाचा. मोरचूद घ्या. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदारांच्या घरी ते बोर्डो मिश्रणासाठी, म्हणजे बुरशीवर फवारायच्या औषधासाठी, असतंच. एक टक्का मिश्रणाला १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. पुस्तकात मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट असं वाचून मुलं ६३.५ + ३२ + ६४ = १५९.५ असं मोलर वस्तुमान लिहून मोकळी होतात. पण निळ्याशार खड्यात प्रत्येक कॉपर सल्फेटमागे पाण्याचे पाच रेणू बसलेले असतात. ते ५ × १८ = ९० धरले की खरा आकडा येतो २४९.५. त्यामुळे एक किलो मोरचुदात कॉपरचे आयन ४ मोल असतात. पाणी विसरलात तर उत्तर ६.२७ मोल येतं, दीडपटीहून जास्त.

हे पाणी डोळ्यांना दिसतं. परीक्षानळीत मोरचुदाचा खडा तापवला की निळा रंग जाऊन पांढरी भुकटी उरते आणि नळीच्या वरच्या, थंड भागात आतून थेंब जमतात. गार झाल्यावर त्या भुकटीवर पाण्याचा एक थेंब टाका, निळा रंग परत येतो. शाळेच्या प्रयोगशाळेत हे एकदा नक्की करायला सांगा. तुरटीतही असंच असतं, तिच्यात तर बारा रेणू पाणी आहे. सूत्रात मध्ये टिंब आणि पुढे पाणी दिसलं की ते धरायचंच.

पायरी ५: ग्रॅमचे मोल, मोलचे कण

आता दोनच क्रिया उरल्या. ग्रॅमला मोलर वस्तुमानाने भागलं की मोल. मोलला ६.०२२ × १०^२३ ने गुणलं की कण. कणांकडून वजनाकडे यायचं तर हेच उलटं. ग्रॅममधून थेट कणांत उडी मारू नका, मध्ये मोलवर थांबा. चूक झाली तर तिथेच पकडता येते.

२०० मिलिलिटर पाण्याचा पेला घेऊ. कण: पाण्याचे रेणू. वजन २०० ग्रॅम. २०० ÷ १८ = ११.११ मोल. ११.११ × ६.०२२ × १०^२३ = ६.६९ × १०^२४ रेणू.

एक ग्रॅम शुद्ध सोनं. कण: सोन्याचे अणू. १ ÷ १९७ = ०.००५०८ मोल. म्हणजे ३.०६ × १०^२१ अणू.

उत्तर लिहिण्याआधी एक अंदाज घ्यायचा: दिलेलं वजन मोलर वस्तुमानापेक्षा जास्त आहे का कमी? जास्त असेल तर कण ६ × १०^२३ पेक्षा जास्त यायला हवेत, कमी असेल तर कमी. सोन्याच्या उत्तरात १०^२६ आलं तर भागायच्या जागी गुणलंय हे लगेच कळतं.

कॅलक्युलेटरवर ६.०२२ नंतर सरळ घाताचं बटण दाबून २३ टाका. ‘गुणिले १०’ आधी दाबून मग घाताचं बटण दाबलं तर उत्तर दहापट येतं, कारण त्या बटणात १० आधीच असतो.

पायरी ६: कणाच्या पोटातले कण

प्रश्न कधी कधी रेणूंवर थांबत नाही. वरच्या पेल्यात हायड्रोजनचे अणू किती? प्रत्येक रेणूत दोन, म्हणून ६.६९ × १०^२४ ला २ ने गुणा: १.३४ × १०^२५. एकूण अणू विचारले तर ३ ने गुणायचं. एक ग्रॅम मिठात सूत्र एककं १.०३ × १०^२२, पण आयन विचारले तर त्याच्या दुप्पट. पायरी ३ मध्ये लिहिलेलं उत्तर इथे उपयोगी पडतं. हा गुणाकार नेहमी शेवटी करा; मोलर वस्तुमान काढतानाच मध्ये घुसवला की गोंधळ होतो.

पायरी ७: २२.४ जपून वापरा

२२.४ लिटर म्हणजे १ मोल, हे फक्त वायूला आणि तेही ० अंश सेल्सिअस व १ वातावरण दाबाला. दाब १ बार दिला असेल तर २२.७ घ्यायचं. खोलीच्या तापमानाला दोन्ही चालत नाहीत. आणि पाण्याच्या लिटरना २२.४ ने कधीही भागू नका. एक मोल पाणी १८ मिलिलिटर असतं, हे दोन घोट आठवले की ती चूक होणार नाही.

पायरी ८: ओआरएसची पुडी सोडवा

माझं सगळ्यात आवडतं गणित. मेडिकलमधून एक लिटरची, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची ओआरएसची पुडी आणा आणि मागचं छापील वाचा. सोडिअम क्लोराइड २.६ ग्रॅम, पोटॅशिअम क्लोराइड १.५ ग्रॅम, सोडिअम सायट्रेट २.९ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम. ग्रॅममध्ये बघितलं तर मीठ थोडं आणि ग्लुकोज त्याच्या पाचपट. प्रमाण असं का, काही उलगडत नाही. आता मोल काढा. आकडे लहान आहेत म्हणून मिलिमोल, म्हणजे मोलचा हजारावा भाग, वापरू.

ग्लुकोज: १३.५ ÷ १८० = ०.०७५ मोल, म्हणजे ७५ मिलिमोल.

मिठातून सोडिअम: २.६ ÷ ५८.५, म्हणजे ४४.४ मिलिमोल.

सोडिअम सायट्रेटमध्ये स्फटिकजलाचे दोन रेणू असतात. ते धरून मोलर वस्तुमान २९४. २.९ ÷ २९४ म्हणजे साधारण ९.९ मिलिमोल. पण त्याच्या प्रत्येक सूत्र एककात सोडिअम तीन, म्हणून सोडिअम २९.६ मिलिमोल.

दोन्हींची बेरीज ७४. संघटनेच्या तक्त्यात सोडिअम ७५ मिलिमोल दिलेलं असतं. ग्रॅमचे आकडे एका दशांश स्थळापर्यंत आणल्यामुळे एवढा फरक पडतो. आता बघा: ग्लुकोज ७५, सोडिअम ७५. वजनात कुठेच न दिसणारी बरोबरी कणांत दिसते. लहान आतड्यात सोडिअम आणि ग्लुकोज एकाच वाहकातून जोडीने आत घेतले जातात आणि त्यांच्यामागून पाणी जातं. म्हणून हे सूत्र कण मोजून बसवलेलं आहे. आधीच्या सूत्रात सोडिअम ९० आणि ग्लुकोज १११ मिलिमोल होतं; २००२ पासून हे कमी तीव्रतेचं सूत्र आलं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ असताना डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजचं पाणी पाजून असंख्य माणसं वाचवली, त्यामागेही हीच जोडी होती.

आणि म्हणूनच पुडीवर लिहिलंय तितक्याच पाण्यात ती पूर्ण विरघळवायची. एक लिटरची पुडी अर्ध्या लिटरमध्ये घातली तर सोडिअम लिटरला १५० मिलिमोल होतं, रक्तातल्या १३५ ते १४५ पेक्षाही जास्त. जुलाबाने आधीच कोरड्या पडलेल्या लहान मुलाला ते बाधू शकतं. बाजारात २०० मिलिलिटरच्या छोट्या पुड्याही मिळतात, तेव्हा आकडा वाचूनच पाणी घ्या.

पायरी ९: साखरेच्या रिपोर्टमधला १८

ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात ज्यांची मुलं आहेत त्यांच्यासाठी हे खास. आपल्याकडे रक्तातली साखर एका डेसिलिटरमागे मिलिग्रॅममध्ये देतात, तिकडे एका लिटरमागे मिलिमोलमध्ये. माझ्या मामेबहिणीने तिकडून फोनवर ‘उपाशीपोटी साखर ५.६ आलीय’ सांगितलं आणि मामी हादरली. साखर इतकी खाली गेल्यावर मुलगी उभी तरी कशी, असं तिला झालं. मी त्याच फोनवर ५.६ ला १८ ने गुणून दाखवलं: जवळपास १०१.

हा १८ पाण्याचा नाही. ग्लुकोजचं मोलर वस्तुमान १८०, आणि एका लिटरमध्ये १० डेसिलिटर. १८० भागिले १० म्हणजे १८. आपल्याकडच्या आकड्याला १८ ने भागा, तिकडचा मिळेल. ९० चे ५, १२६ चे ७. मात्र हाच १८ कोलेस्टेरॉलला लावू नका. त्याचा रेणू ग्लुकोजच्या दुपटीहून जड, मोलर वस्तुमान सुमारे ३८७, म्हणून तिथे ३८.७ ने भागावं लागतं. मामीने हे दोन्ही आकडे फ्रिजवर चिकटवून ठेवलेत, आणि शेजारी लिहिलंय, ‘आधी बघ, कशाचे कण’.